साय आणि खरवड

मराठीत साय म्हणतात, हिंदीत मलाई. आमच्या कोकणी घरांत तिची मलई होते आणि मी ज्या भाषेतून शिकवते त्या उर्दूत तिला बालाई असाही एक शब्द आहे. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर. माडीवरची खोली तो बालाखाना आणि दुधाच्या वर येते ती बालाई. पगारावर जे मिळतं त्याला उर्दूत ‘बालाई आमदनी’ म्हणतात. मराठीत त्याला वरकमाई म्हणतात. दोन्ही भाषांनी एकाच पातेल्यात पाहून शब्द घडवले असावेत असं वाटतं. मराठी आजी-आजोबांना नातवंडं म्हणजे दुधावरची साय. दुधापेक्षा साय जपावी, असं आमच्याही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वर येतं ते चांगलं असतं, थोडं असतं आणि ते अलगद काढून बाजूला ठेवायचं असतं. कुणासाठी ठेवायचं, हे मात्र कुठल्याच शब्दकोशात सापडत नाही. ते ज्याचं त्याचं घर ठरवतं. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. स्वयंपाकाबद्दलही आहे, कारण माझ्या घरात या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळालं ते चुलीवरच्या पातेल्यातच.

मी भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोकून घेतलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. मुलांना जे माहीत आहे तिथून धडा सुरू करा. घनता, म्हणजे आमच्या पुस्तकातली ‘कसाफत’, शिकवायची तर लोखंड आणि लाकूड यांच्यापेक्षा मला दूध जवळचं वाटतं. दुधाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, १.०३च्या आसपास. त्यातल्या चरबीची मात्र ०.९च्या आसपास. म्हणून दूध शांत ठेवलं की चरबीचे बारीक कण हळूहळू वर चढतात. तापवलेल्या दुधावर जी जाड साय धरते तिच्यात नुसती चरबी नसते. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जातं, प्रथिनं घट्ट होऊन त्यांचा पापुद्रा बनतो आणि वर आलेली चरबी त्यात अडकते. म्हशीच्या दुधात चरबी साधारण ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के. म्हणून म्हशीच्या दुधाची साय पोळीसारखी उचलता येते आणि गाईच्या दुधाची बोटाला चिकटून बसते.

एवढं सांगून झालं की मी मुलींना विचारते, “तुमच्या घरी ही बालाई कोण खातं?”

हा प्रश्न पुस्तकात नाही. पण धड्यापेक्षा त्याचीच उत्तरं भराभर येतात. “अब्बू, मिस.” “भाई को देते हैं, उसको जिम जाना रहता.” “मेहमान आए तो उनके वास्ते.” “हमारे यहाँ घी बनता.” एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “अम्मी पतीला खुरच के खाती है.” सगळा वर्ग हसला. ती मुलगीही हसली, कारण तिला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या आया तेच करत असणार. दूध काढून घेतल्यावर पातेल्याच्या तळाला आणि कडेला जे करपट, तांबूस चिकटून राहतं, त्याला मराठीत खरवड म्हणतात. साय वर येते, खरवड खाली बसते. पातेलं एकच.

चवीला खरवड वाईट लागत नाही, हेही सांगायला हवं. थोडी साखर टाकली तर ती मिठाईसारखी लागते. लहानपणी आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो. पण हौसेने खरवड खाणं वेगळं आणि तेवढीच आपल्या वाट्याची म्हणून खाणं वेगळं.

माझं माहेर रायगड जिल्ह्यात म्हसळ्याकडचं. तिथे आमच्या लहानपणी दूध म्हणजे चहापुरतं. गोठ्यात गाय असली तरी ती जेमतेम एक-दोन शेर दूध द्यायची. कोकणातल्या मुसलमान घरांत मलईची जागा नारळाने घेतलेली होती आणि अजूनही घेतलेली आहे. दादी नारळ खवून, वाटून, कोमट पाणी घालून पिळायची. पहिल्या पिळण्याला निघतं ते जाड दूध. दुसऱ्या-तिसऱ्या पिळण्याला निघतं ते पातळ. पातळ दुधात मटण किंवा मासळी शिजायची. जाड दूध शेवटी, चूल विझत आल्यावर घालायचं आणि नंतर उकळी येऊ द्यायची नाही, नाही तर ते फाटतं, तेल वेगळं आणि चोथा वेगळा दिसू लागतो. दादीला शाळा माहीत नव्हती, पण हा नियम तिने मला सात-आठ वर्षांची असताना सांगितला. पुढे मलईचा स्वयंपाक शिकले तेव्हा तोच नियम जसाच्या तसा उपयोगी पडला.

त्या नारळाच्या दुधाबद्दल आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. ती नारळाची साय कुणाच्या वाटीत गेली नाही. ती नेहमी पातेल्यात गेली. पिळलेलं जाड दूध कोणी एकटा पीत बसत नाही. ते रश्शात पडतं आणि रस्सा सगळ्यांच्या भाताला रंग देतो. आमच्या घरात भेदभाव नव्हता असं नाही. माशाचा मधला तुकडा कुणाला आणि शेपटी कुणाला हे ठरलेलं असायचं. पण रस्सा तोच. दादीच्या ताटात आणि दादाच्या ताटात नारळ सारखाच असायचा.

लग्न होऊन भिवंडीला आले आणि म्हशीच्या दुधाशी गाठ पडली. भिवंडी-कल्याणच्या बाजूला म्हशींचे तबेले आहेत. आमच्याकडे पहाटे तबेल्यातून दोन लिटर दूध येतं. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो, ते दूध मोठ्या पातेल्यात तापवायच्या. उकळी आली की आंच बारीक करून आणखी दहा मिनिटं ठेवायच्या, मग वर जाळी घालून निववायच्या आणि फ्रिजमध्ये सरकवायच्या. सकाळी झाकण काढलं की साय चपातीएवढी जाड. त्या चमच्याने कडा सोडवून ती अखंड उचलायच्या. त्यातला मोठा भाग एका काचेच्या वाटीत जायचा, वर चमचाभर साखर. ती वाटी पावाबरोबर अब्बांची, म्हणजे सासऱ्यांची. छोटा भाग माझ्या नवऱ्याचा किंवा दिराचा, जो आधी उठेल त्याचा. उरली तर विरजणाच्या डब्यात, आठवड्याने लोणी आणि तूप. अम्मींनी स्वतः साय खाल्लेली मी पाहिली नाही. त्यांचा चहा पातळ दुधाचा, फिक्का. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मला जड पडतं गं.” आपल्याकडच्या किती बायकांना किती चांगल्या गोष्टी जड पडतात, याची यादी करायला बसलं तर वही पुरणार नाही.

अब्बा जुलमी माणूस नाहीत. आवाज चढवून बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. साय त्यांनी कधी मागून घेतली नाही. ती त्यांच्यासमोर येत गेली आणि ते खात गेले. घराघरांतल्या बहुतेक वाटण्या अशाच होतात. कुणी हुकूम देत नाही, कुणी तक्रार करत नाही.

साय कुणाला मिळावी हा प्रश्न केवळ घराचा नाही, हे मला दुधाचा इतिहास वाचताना कळलं. १९४०च्या दशकात मुंबईत दूध महाग होतं आणि तुटवडाही होता. म्हशीच्या दुधात चरबी भरपूर, पण ते परवडणारे थोडे. तेव्हा दारा खुरोडी यांनी एक मार्ग काढला. म्हशीच्या दुधात पाणी आणि चरबी काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची, म्हणजे चरबी कमी होते, प्रथिनं टिकतात आणि तेवढ्याच म्हशींचं दूध जास्त घरांत पोचतं. हेच आपलं ‘टोन्ड’ दूध. आजही त्यात ३ टक्के चरबी असते, डबल टोन्डमध्ये दीड टक्का, फुल क्रीममध्ये ६ टक्के. खुरोडींना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पिशवीतल्या दुधाला साय धरत नाही म्हणून आपण नाक मुरडतो. पण ती साय कमी केली म्हणून गिरणगावातल्या नि झोपडपट्टीतल्या पोरांच्या पेल्यात दूध आलं, हेही खरं आहे. वरची साय थोडी सगळ्यांत मिसळली की पेले वाढतात.

आता घरातल्या पातेल्याकडे येते.

आमच्या शेजारी एक आपा राहतात. त्यांच्या सासरचे लोक मूळचे उत्तर प्रदेशातल्या मऊचे, विणकर. १८५७ नंतरच्या काळात आणि पुढेही तिकडची अनेक विणकर कुटुंबं मालेगाव-भिवंडीला आली, त्यांतलंच हे एक. आपांच्या घरात मलईचं सालन, सफेद कोरमा, शाही टुकडे नेहमीचे. मी नारळवाली, त्या मलईवाल्या. एका रमजानमध्ये आम्ही एकमेकींना आपापली हंडी शिकवली. त्यांनी माझ्याकडून नारळाच्या दुधातली कोलंबी घेतली, मी त्यांच्याकडून मलईची मुर्गी. ती कशी करते ते सांगते, कारण वाचणाऱ्या बहिणींतली एखादी तरी करून पाहील.

किलोभर चिकनला तीन मोठे कांदे सोलून, पाण्यात उकडून वाटायचे. कांदा परतला तर सालन तांबूस होतं. पांढरं हवं असेल तर उकडलेलाच हवा. पंधरा-वीस काजू आणि दोन चमचे मगज कोमट पाण्यात भिजवून गंधासारखे वाटायचे. तेल-तुपात वेलची, दालचिनी, दोन लवंगा टाकायच्या. मग कांदा, आलं-लसूण, वाटलेली हिरवी मिरची घालून पाणी आटेपर्यंत हलवायचं. अर्धी वाटी दही चांगलं फेटून, आंच कमी करून, थोडं थोडं घालायचं. मग चिकन, मीठ, काजूचं वाटण आणि पांढरी मिरी. झाकण ठेवून शिजू द्यायचं. चिकन पूर्ण शिजलं, तेल कडेला आलं, की मगच मलईची वेळ.

एक वाटी ताजी साय घ्यायची, जास्तीत जास्त दोन दिवसांची. जुनी साय आंबट होते आणि गरम सालनात पडताच फुटते. घरच्या सायीत पापुद्र्याचे तुकडे असतात, ते सालनात दह्याच्या गुठळ्यांसारखे दिसतात. म्हणून दोन चमचे थंड दूध घालून ती गाळणीतून चमच्याने दाबून काढायची. मिक्सर लावलाच तर एक-दोन झटके, जास्त फिरवला की लोणी निघालंच. मग तिच्यात गरम सालनाचे दोन पळे टाकून ती कोमट करायची, आंच बंद करायची आणि तेव्हा पातेल्यात ओतायची. वरून चिमूटभर कसुरी मेथी हातावर चोळून. उकळी पुन्हा आणायची नाही. दादीचा नारळाचा नियम तो हाच.

साय का फुटते हे मुलींना सांगताना मी म्हणते की दोष चरबीचा नसतो. फुटतात ती दुधातली प्रथिनं, आणि त्यांना आंबट आणि उष्णता एकदम मिळाली की ती गोळा होतात. म्हणून मलईत चरबी जितकी जास्त आणि प्रथिनं जितकी कमी, तितकी ती आचेवर टिकून राहते. परदेशी पाककृतींत ‘हेवी क्रीम’ लिहिलेलं असतं. अमेरिकेत त्यात निदान ३६ टक्के चरबी लागते, इंग्लंडच्या ‘डबल क्रीम’मध्ये ४८ टक्के. ते खुशाल उकळतात आणि ते टिकतं. आपल्या दुकानात जी छोटी खोकी मिळतात त्या ताज्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के चरबी असते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे २५ टक्क्यांची ती कमी चरबीची क्रीम, ४० टक्क्यांची मध्यम आणि ६० टक्क्यांची जास्त चरबीची. तेव्हा परदेशी कृती पाहून आपलं खोकं उकळत्या टोमॅटोत ओतलं आणि फाटलं, तर स्वयंपाक करणारीला नावं ठेवू नयेत. त्याच कारणाने २५ टक्क्यांची क्रीम कितीही फेटली तरी ताठ उभी राहत नाही. त्याला निदान तिशीच्या पुढची चरबी आणि थंडगार भांडं लागतं. बेकरीतल्या केकवरचं पांढरं ढगासारखं जे दिसतं, ते पुष्कळदा दुधाचं नसून वनस्पती तेलापासून केलेलं असतं.

कोकणातल्या घरांना तिसरी एक मलई माहीत आहे. गल्फमधली. १९७०च्या दशकापासून आमच्या गावांतले पुरुष कुवेत, सौदी, दुबईला जात राहिले. सुट्टीवर येताना पेटीत दूध पावडर, टँग आणि मलईचे छोटे गोल डबे असत. अरबीत त्या मलईला किश्ता म्हणतात. तो डबा उघडायचा प्रसंग म्हणजे ईद किंवा मुलीला बघायला आलेले पाहुणे. फळांवर घालून काचेच्या वाट्यांतून पुढे यायची. ज्या बाईचा नवरा दोन-दोन वर्षं परमुलुखात राबून तो डबा पाठवायचा, ती स्वतः डबा रिकामा झाल्यावर त्यात चमचा फिरवायची. खरवड पत्र्याच्या डब्यालाही असते.

मलईची मुर्गी मी घरी पहिल्यांदा केली तेव्हा रात्रीच्या दुधाची साय त्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांसमोर पाव आला, वाटी आली नाही. त्यांनी विचारलं, “आज साय नाही धरली काय?”

अम्मी गडबडल्या. मीच म्हटलं, “धरली होती अब्बा. रात्रीच्या सालनात गेली.”

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हां. सालन चांगलं झालं होतं.” आणि चहात पाव बुडवून खाऊ लागले. एवढंच झालं. अम्मींनी मात्र मला आत नेऊन दम भरला, “त्यांची वाटी तरी काढून ठेवायचीस.” ज्याची वाटी गेली त्याला काही वाटलं नाही, जिला कधी वाटी मिळाली नाही तिला ती गेल्याचं वाईट वाटलं. या गोष्टीवर मी पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या घरांतले रिवाज पुरुष सांभाळतात असं आपण म्हणतो. सांभाळणारे हात बहुधा बायकांचे असतात, आणि त्या हातांना त्यात अभिमानही वाटत असतो. अम्मींकडे या घरात स्वतःचं असं फार नव्हतं. कुणाला काय वाढायचं, एवढा एक अधिकार होता. तोही मी काढून घेते की काय, अशी त्यांना भीती वाटली असेल. म्हणून मी वाद घातला नाही. हळूहळू आठवड्यातून दोनदा, मग तीनदा साय पातेल्यात जाऊ लागली. कधी मुर्गीत, कधी दुधीच्या कोफ्त्यात, कधी मटाराच्या साध्या भाजीत चमचाभर.

वाटीतली साय एकाची असते. सालनात मिसळली की ती कुणाचीच वेगळी काढता येत नाही. मलईच्या स्वयंपाकात मला आवडणारी गोष्ट ही, चव दुसऱ्या क्रमांकावर.

पण पातेलं न्यायी झालं म्हणून ताटं न्यायी होतात असं नाही. आमच्याकडे पुरुष आधी बसत, मग मुलं, मग आम्ही. अम्मी सगळ्यांत शेवटी. मलईची मुर्गी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत पातेल्यात मान आणि पाठीचे तुकडे आणि कडेला चिकटलेला मसाला उरायचा. म्हणजे पुन्हा खरवडच.

चार वर्षांपूर्वी अम्मी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळल्या. पडल्या त्या अगदी हलक्या, हात टेकला एवढंच. पण मनगट मोडलं. तपासण्यांत निघालं की हाडं ठिसूळ झालेली आहेत, वजन कमी आहे, रक्तही कमी आहे. त्याच वर्षी अब्बांच्या रक्तात चरबी वाढलेली निघाली आणि त्यांना साय, तूप, पाया बंद करायला सांगितलं. दोघांचे कागद एकाच दिवशी माझ्या हातात होते. एकाच घरात, एकाच तबेल्याच्या दुधावर चाळीस वर्षं काढलेली दोन माणसं, आणि एकाला जास्त झालं म्हणून औषध, दुसरीला कमी पडलं म्हणून औषध. आजाराला कारणं अनेक असतात. वय आहे, बाळंतपणं आहेत, बसून काम आहे. सगळं सायीवर ढकलायला मी तयार नाही. पण ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर मला आमचं पातेलं दिसलं.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट इथे स्पष्ट करते. हाडांना लागणारं कॅल्शियम सायीत फार नसतं. ते सायीखालच्या दुधात, दह्यात, ताकात असतं. साय म्हणजे मुख्यतः चरबी. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, तेव्हा २५ टक्के चरबीची १०० ग्रॅम मलई म्हणजे निव्वळ चरबीच्याच सव्वादोनशे कॅलरी. रोज वाटीभर ती कुणालाच नको. आठ माणसांच्या सालनात एक वाटी, आठवड्यातून दोन-तीनदा, हे कुणाला सहसा जड पडू नये. तेव्हा अम्मींना वाटीभर साय खायला घालणं हा न्याय झाला नसता. त्यांना हवं होतं रोजचं पेलाभर दूध, वाटीभर दही, एक अंडं आणि सगळ्यांबरोबर बसून पहिल्या वाढणीतलं जेवण.

दूध-दही-अंडं सोपं होतं, डॉक्टरांचं नाव पुढे करता आलं. जेवणाची पंगत बदलणं कठीण होतं. ते अब्बांनी केलं. हात प्लास्टरमध्ये असताना अम्मींना वाढता येईना, तेव्हा त्यांना दस्तरखानावर बसवणं भाग पडलं. एके रात्री त्या बसल्या, आणि अब्बांनी डाव्या हाताने पातेलं ओढून मुर्गीची तंगडी त्यांच्या रकाबीत ठेवली. “आता मला हे बंद आहे,” एवढंच म्हणाले. अम्मी लाजल्या. नातवंडं हसली. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण पंगत पुन्हा मोडली नाही. आता आम्ही सगळे एकदम बसतो, जे उरेल ते फ्रिजमध्ये जातं आणि वाढायचं काम ज्याच्या जवळ पातेलं त्याचं. माझा मुलगा वाढतो तेव्हा आधी बहिणीला वाढतो की स्वतःला, यावर माझं लक्ष असतं. कधी असं, कधी तसं.

अम्मी अजून पातेलं खरवडतात. सवय आहे, आणि त्यांना ती आवडतेही. आता मी शेजारी बसून थोडी मागून घेते. माझी मुलगी तिसरा चमचा घेऊन येते. साखर टाकून तिघी खातो. दूध पिऊन झालेलं असतं, साय सालनात गेलेली असते, तेव्हा ही खरवड आमची हौस असते, वाटा नव्हे.

वाचणाऱ्या बहिणींना आणि भावांनाही एवढंच सुचवते. आपल्या घरातल्या सुधारणांच्या गोष्टी आपण मोठ्या मोठ्या विषयांवर करतो, आणि कराव्यात. तलाक, शिक्षण, नोकरी, वारसा यांच्यावर या पानांतून पूर्वीही लिहिलं गेलं आहे, पुढेही लिहिलं जाईल. पण मुलगी पहिला कायदा शिकते तो स्वयंपाकघरात. साय कुणाच्या वाटीत जाते आणि पातेलं कोण खरवडतं, हे ती अक्षरं ओळखायच्या आधी ओळखते. उद्या दूध तापवाल तेव्हा साय अलगद काढा, गाळून घ्या, आंच बंद करा आणि सगळ्यांच्या सालनात ओता. मग सगळ्यांना एकदम जेवायला हाक मारा.